शेरी सांबा : दुकानाच्या पाटीपासून पॅरिसच्या भिंतीपर्यंत

चित्रासमोरून जाणारी माणसे थांबत नाहीत, एक नजर टाकतात आणि चालू लागतात, ही काँगोची राजधानी किन्शासा इथल्या शेरी सांबा या चित्रकाराची उमेदवारीच्या काळातील मोठी अडचण होती, आणि तिच्यावर त्याने काढलेला तोडगा पाट्या रंगवणाऱ्या माणसालाच सुचावा असा होता. त्याने चित्रातच मजकूर लिहायला सुरुवात केली. मजकूर वाचायचा म्हणजे उभे राहणे आले, उभे राहिले की वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात डोळे आपोआप मजकुरावरून चित्राकडे आणि चित्रावरून मजकुराकडे फिरू लागतात. जाहिरातीच्या धंद्यात बरीच वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला ही युक्ती कळायला कोणत्याही कलासमीक्षकाची गरज पडली नाही. ग्राहकाला आणखी तीन सेकंद कसे थांबवायचे, याच विवंचनेत आमचे सगळे ले-आऊट जन्माला येतात. आम्ही त्या तीन सेकंदांत साबण विकतो. सांबाने त्यांत आपले शहर दाखवले.

व्यावसायिक कलेतून चित्रकलेकडे गेलेल्या लोकांविषयी लिहिताना बहुधा असे सांगितले जाते की, अमुक एकाने पोटापाण्याचे काम सोडले आणि मगच तो खरा चित्रकार झाला. सांबाविषयी जे थोडेफार वाचले आणि त्याची जी चित्रे पाहिली, त्यांवरून माझे मत नेमके उलट झाले आहे. त्याने पाटी सोडलीच नाही. ती तो कॅनव्हासवर घेऊन आला, आणि त्याच्या चित्रांत जे सर्वांत भक्कम आहे ते त्या पाटीकडूनच आलेले आहे.

१९५६ साली, काँगो अजून बेल्जियमच्या ताब्यात असताना, किंतो-म्वुइला नावाच्या खेड्यात एका लोहाराच्या घरी त्याचा जन्म झाला. दहा भावंडांत तो थोरला. १९७२ मध्ये शाळा अर्धवट सोडून तो किन्शासाला आला, तेव्हा देशाचे नाव नुकतेच 'झाईर' झाले होते, राष्ट्राध्यक्ष मोबुटू यांच्या हुकमाने लोकांना आपली ख्रिस्ती नावे टाकून आफ्रिकी नावे घ्यावी लागत होती, आणि सूट-टाय घालून फिरणे हे परकीय गुलामगिरीचे लक्षण ठरवून त्याच्या जागी 'अबाकोस्त' नावाचा बंद गळ्याचा कोट रूढ केला जात होता. शहराचे स्वतःचे नाव तरी कुठे जुने होते? १८८१ मध्ये स्टॅन्ली या युरोपीय शोधप्रवाशाने वसवलेले लिओपोल्डव्हिल १९६६ मध्ये किन्शासा झाले होते. स्वातंत्र्याच्या वेळी, म्हणजे १९६० मध्ये, जेमतेम चार लाखांच्या घरात वस्ती असलेले हे शहर आज दीड कोटीच्या पुढे गेले आहे. काँगो नदीच्या एका काठावर किन्शासा आणि समोरच्या काठावर ब्राझाव्हिल, म्हणजे दोन देशांच्या राजधान्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात; खेड्यांतून रोज येणारे तरुण, मातोंगे भागातले रात्रभर चालणारे बार, त्यांतून रस्त्यावर सांडणारे गिटारचे सूर, आणि 'प्रिमुस' व 'स्कोल' या बिअरच्या जाहिरातींनी रंगलेल्या भिंती. किन्शासाची माणसे आपल्या शहराला कौतुकाने 'सुंदर किन' म्हणतात आणि वैतागली की त्याच दमात 'कचराकुंडी किन' म्हणतात. फ्रेंचमध्ये या दोन नावांचे यमक जुळते, त्यामुळे ती दोन्ही जिभेवर जोडीनेच राहतात.

अशा शहरात नव्याने उघडलेल्या प्रत्येक दुकानाला पाटी लागते, आणि लिहिता-वाचता येणाऱ्यांचे प्रमाण कमी असले की पाटीवर चित्रही लागते. केशकर्तनालयाच्या पाटीवर केसांच्या वळणांचे नमुने, शिंप्याच्या पाटीवर शिवलेला सदरा, औषधाच्या दुकानावर खोकणारा माणूस. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष कासा-वुबु यांचे नाव दिलेल्या रस्त्यावर पाट्या रंगवणाऱ्यांच्या दुकानांतून सांबाने काम शिकले, आणि १९७५ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, त्याच रस्त्यावर स्वतःचे दुकान थाटले. आज ज्याला आपण ग्राफिक डिझायनर म्हणतो त्याची सगळी कामे तो करीत होता : अक्षरे आखणे, रंग भरणे, मजकूर बसवणे, गिऱ्हाइकाच्या तोंडची अर्धवट कल्पना फळ्यावर उतरवून देणे. याच सुमारास 'बिलेंगे इन्फो' नावाच्या करमणुकीच्या मासिकासाठी तो चित्रकथाही काढू लागला. चौकट, चौकटीतील माणूस, माणसाच्या तोंडून निघणारा फुगा आणि फुग्यातला संवाद, हे सगळे त्याच्या हाताला तिथे बसले.

चित्रकथा कागदावर छापायची त्याऐवजी कापडावर रंगवली तर काय होईल, या विचारातून सांबाची चित्रे सुरू झाली. कॅनव्हास महाग होता, म्हणून गोणपाटावर रंगवायचे. दुकानात काम नसेल तेव्हा रंगवायचे, आणि तयार झालेले चित्र दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगायचे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की, या चित्रांना कलादालन नव्हते, आमंत्रणपत्रिका नव्हती आणि चित्राखाली लावायची माहितीची चिठ्ठीही नव्हती. पाहणारा माणूस बाजाराला निघालेला होता. त्याच्या हातात पिशवी होती, डोक्यावर ऊन होते, आणि त्याला चित्रकलेत काडीचाही रस असण्याचे कारण नव्हते. अशा माणसाला थांबवणे ही परीक्षा आमच्या धंद्यातल्या कोणत्याही ब्रीफपेक्षा, म्हणजे गिऱ्हाइकाने नेमून दिलेल्या कामापेक्षा, अवघड आहे, आणि चित्रात मजकूर घालण्याची कल्पना याच परीक्षेतून निघाली. पुढे या मजकुराला त्याने आपली ओळखखूणच मानले.

हा मजकूर नेमका कसा असतो, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. चित्राच्या वरच्या किंवा खालच्या भागात ठळक परिच्छेद असतो, बहुतेक वेळा फ्रेंचमध्ये, कधी किन्शासाच्या बोलीत, म्हणजे लिंगालामध्ये, कधी त्याच्या मातृभाषेत, म्हणजे किकोंगोमध्ये. आणि एकाच चित्रात फ्रेंच बोलता बोलता पात्र मध्येच लिंगालावर येते, किन्शासाच्या बसमध्ये येते तसेच. सूर कधी वर्तमानपत्राच्या अग्रलेखाचा, कधी चहाडीचा, तर कधी वडीलधाऱ्याने कान उपटावेत असा. मजकूर चित्रातल्या प्रसंगाचे वर्णन करीत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. चित्रात जे दिसते त्यावर तो प्रश्न विचारतो, टोमणा मारतो किंवा सरळ विरुद्ध बोलतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना मी हेच सांगत असतो की, चित्रात घोडा असेल तर खाली 'घोडा' लिहू नका. पुष्कळांना ते कळायला दोन-तीन वर्षे लागतात.

विषय शहरातले होते आणि ते कधी संपले नाहीत. घरात शिरणारे डास आणि त्यांच्याशी रात्रभर झुंजणारे नवरा-बायको. नवऱ्याच्या भानगडी, मोठ्या घरचे ढोंग, बारमधली चैन आणि सकाळची उधारी, नोकरी लावून देतो म्हणणारे दलाल. १९८८ चे एक चित्र एड्सविरोधी मोहिमेच्या मोर्चाचे आहे, आज ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या, संग्रहात आहे. त्या रोगाचे नाव घ्यायलाही लोक कचरत होते त्या काळात एका रस्त्यावरच्या चित्रकाराने तो विषय भडक रंगांत मांडला. काँगोत सरकारकडून काही मिळण्याची आशा सोडून आपली वाट आपण काढणे याला लोक गमतीने 'कलम १५' म्हणतात, जणू ते राज्यघटनेतच लिहून ठेवले आहे. सांबाच्या चित्रांतली बहुतेक माणसे या कलमाखालीच जगतात.

किन्शासात तो एकटा नव्हता. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा असलेला मोके हा बारमधली नाचणारी जोडपी आणि रस्त्यावरची गर्दी जाड, ओल्या फटकाऱ्यांत रंगवायचा, आणि १९७४ मध्ये मोहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांची गाजलेली झुंज त्याच शहरात झाली तेव्हा त्याने तीही रंगवली होती. पियेर बोदो होता, शेरी शेरँ होता. सांबाचा धाकटा भाऊ शेक लेदी त्याच्याच हाताखाली शिकून चित्रकार झाला आणि १९९७ मध्ये अकाली गेला. या सगळ्यांच्या कामाला 'लोकांची चित्रकला' म्हणतात, आणि सांबाच्या मते या चित्रकलेची खूण अशी की ती लोकांतून येते, लोकांविषयी असते आणि लोकांसाठीच असते. मला विचाराल तर रंगाच्या ताकदीत मोके त्याच्यापेक्षा वरचढ आहे. मोकेच्या चित्रात उष्मा जाणवतो. सांबा मात्र बोलण्यात सर्वांना मागे टाकतो.

या चित्रकारांच्या आवडत्या विषयांत एक जलदेवताही आहे, बहुधा मत्स्यकन्येच्या रूपात रंगवली जाणारी मामी वाटा. आणि तिच्या निमित्ताने एक फाटा मुंबईकडे जातो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. गळ्याभोवती साप खेळवणाऱ्या, मोकळ्या दाट केसांच्या बाईचे एक रंगीत छापील चित्र १८८० च्या दशकात जर्मनीतील हँबुर्गमध्ये निघाले, ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले, आणि तिथल्या लोकांनी तिच्यात पाण्यातल्या देवतेचे रूप पाहिले. १९५५ मध्ये, आजच्या घानामधील कुमासी शहराच्या व्यापाऱ्यांनी या चित्राची प्रत मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीकडे पाठवली आणि कंपनीने ती जशीच्या तशी पुन्हा छापून दिली. म्हणजे आपल्या घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पुरवणाऱ्या मुंबईच्या छापखान्यांपैकी एकाने आफ्रिकेच्या जलदेवतेचीही तसबीर पुरवली. उलट दिशेने आपल्या देवांच्या तसबिरीही तिकडे गेल्या. टोगो आणि बेनिनमध्ये मामी वाटाच्या भक्तांनी दत्तात्रेयाची तसबीर पाहिली आणि त्या तीन शिरांच्या देवात त्यांना आपला 'देन्सु' हा देव दिसला. औदुंबराखाली उभ्या दत्तमूर्तीला असाही भक्तवर्ग आहे, हे गाणगापूरला किंवा नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. छापलेले चित्र पाय फुटल्यासारखे कुठेही जाते, आणि किन्शासाच्या दिवाणखान्यात जी मत्स्यकन्या टांगलेली असते तिच्या वंशावळीत छापखान्याची शाई अशी मिसळलेली आहे.

१९७८ मध्ये किन्शासाच्या ललित कला अकादमीत 'सर्वत्र कला' या नावाचे प्रदर्शन भरले आणि त्यात या रस्त्यावरच्या चित्रकारांना जागा मिळाली. ही अकादमी मिशनऱ्यांनी १९४३ मध्ये काढलेली. तिथले विद्यार्थी मातीकाम, शिल्प, तैलरंग असे रीतसर शिकत होते, आणि त्यांच्याच आवारात पाटीवाल्यांची चित्रे टांगली गेली. पुढच्या वर्षापासून 'चित्रकार सांबा' अशी सही करणारा माणूस 'शेरी सांबा' झाला. मग १९८९. पॅरिसमध्ये ज्याँ-युबेर मार्तँ यांनी मांडलेल्या 'पृथ्वीचे जादूगार' या प्रदर्शनात जगभरचे शंभरेक कलावंत एकत्र आले, त्यांतले निम्मे पाश्चात्त्य जगाबाहेरचे होते. त्या यादीत किन्शासाचा सांबा होता आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशेही होते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या रंगाने शेत आणि लग्न रंगवणारा वारली चित्रकार, आणि गोणपाटावर भडक रंगांत बार आणि भांडणे रंगवणारा काँगोचा पाटीवाला, हे एकाच प्रदर्शनात येणे मला आजही विलक्षण वाटते. दोघांना एकाच 'जादूगार' या वर्गात बसवणे मात्र खटकते. मशे यांच्यामागे समाजाची जुनी रीत होती. सांबाच्या मागे काय होते तर मासिके, बिअरच्या जाहिराती आणि गिऱ्हाईक. तो त्या प्रदर्शनातला सर्वांत शहरी माणूस असावा, आणि त्याला जादूबिदू काही येत नव्हती.

त्या प्रदर्शनाच्या अगदी शेवटच्या दिवशी ज्याँ पिगोझी नावाचा एक धनिक तिथे पोचला. सिम्का मोटार कंपनीच्या संस्थापकाचा हा मुलगा. त्याने प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी आंद्रे मान्यँ याला हाताशी धरून समकालीन आफ्रिकी कलेचा प्रचंड संग्रह उभा केला, आणि सांबाची चित्रे किन्शासाच्या रस्त्यावरून थेट त्या संग्रहात जाऊ लागली. २००४ मध्ये पॅरिसच्या कार्तिए प्रतिष्ठानात त्याचे स्वतंत्र प्रदर्शन झाले, २००७ मध्ये तो व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होता, आणि २०२३-२४ च्या हिवाळ्यात पॅरिसच्याच माय्योल संग्रहालयात पिगोझींच्या संग्रहातील त्याची चित्रे मांडली गेली. ती मी तिथे पाहिली. पुस्तकात छापलेल्या सांबात आणि भिंतीवरच्या सांबात एक मोठे अंतर आहे : तो काही चित्रांत रंगावर चमकी वापरतो आणि ती छपाईत दिसतच नाही. समोरून पाहिले तर रंग सपाट वाटतो, दोन पावले बाजूला सरकले की तोच भाग झगमगू लागतो. अभिरुचीसंपन्न मंडळींना चमकी स्वस्त वाटते हे त्याला ठाऊक नसेल असे नाही. पण रस्त्यावर उन्हात टांगलेल्या पाटीला चमकीचा काय उपयोग होतो, हेही त्याला ठाऊक होते.

माझ्या दृष्टीने त्याचे सर्वोत्तम चित्र १९८९ चे आहे, 'पॅरिस स्वच्छ आहे'. पाठीमागे आयफेल टॉवर, स्वच्छ आकाश, पर्यटकांच्या पोस्टकार्डावर असते तसे सगळे. आणि पुढे झाडलोट करणारे कामगार. मजकूर सांगतो की, पॅरिस स्वच्छ आहे ते आम्हा बाहेरून आलेल्या लोकांमुळे, कारण आम्हाला कुत्र्यांची घाण आणि मुताची डबकी पाहवत नाहीत. हा विनोद किती धारदार आहे ते पाहावे. युरोपने आफ्रिकेला स्वच्छता शिकवली, असे ज्या शाळांतून पढवले गेले त्याच शाळांत शिकलेला माणूस, त्याच फ्रेंच भाषेत, अत्यंत अदबीने उलटा दाखला देतो आहे, आणि तोही पॅरिसमध्ये पाहुणा म्हणून आलेला असताना. चित्र पोस्टकार्डासारखे गोड ठेवले आहे म्हणून मजकूर अधिक बोचतो. रंगही चिडलेला असता तर चित्र घोषणा होऊन बसले असते.

त्याला पॉप कलावंत म्हणावे का, यावर बरेच लिहिले जाते. साम्य उघड आहे. अँडी वॉरहॉल १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बुटांच्या जाहिरातींसाठी रेखाटने करून नाव कमावून होता, आणि १९६२ मध्ये त्याने सूपच्या डब्यांची ३२ चित्रे एका ओळीत मांडली. जेम्स रोझेनक्विस्ट तर टाइम्स स्क्वेअरवर उंच चढून होर्डिंग रंगवणारा कामगार होता आणि होर्डिंगचाच आकार त्याने कॅनव्हासवर आणला. आपल्याकडे हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून दिवस काढले, आणि त्यांच्या रेषेचा सुसाट वेग त्या होर्डिंगांतून आला असे मानायला जागा आहे. पण अमेरिकन पॉप कलेने बाजारातली वस्तू उचलून कलादालनात नेली आणि तिच्याविषयी काहीही न बोलता ती तिथे ठेवली. तो अबोलपणा हेच तिचे वैशिष्ट्य होते. सांबाला गप्प बसता येत नाही. शिवाय त्याची चित्रे सुरुवातीला कलादालनासाठी नव्हतीच. सूपच्या डब्याचे चित्र सूप विकत घेणाऱ्या बाईसाठी काढलेले नव्हते, आणि डासांशी झुंजणाऱ्या जोडप्याचे चित्र रात्री डासांनी खाल्लेल्या माणसासाठीच काढलेले होते.

इथेच माझी एक तक्रारही आहे. १९९० नंतर सांबाची गिऱ्हाइके बदलली आणि चित्रेही हळूहळू बदलत गेली. आकार मोठे झाले, विषय जगाचे झाले, आणि बऱ्याच चित्रांत सांबा स्वतः दिसू लागला. १९९७ च्या 'आपल्या कलेचे भवितव्य काय?' या तीन भागांच्या चित्रात तो पिकासोच्या सोबत आहे, आफ्रिकी मुखवटे आहेत, पाँपिदू केंद्राची इमारत आहे, आणि मजकुराचा रोख असा की फ्रान्सने स्वीकारल्याशिवाय कलावंताला जगात मान नाही, पण आधुनिक कलेचे संग्रहालय वर्णद्वेषी तर नाही ना? प्रश्न रास्त आहे, नेमक्या दारावर जाऊन विचारलेला आहे. तरी तो कासा-वुबु रस्त्यावरून बाजाराला निघालेल्या माणसाला विचारलेला नाही, हे जाणवते. २०११ च्या 'जगाचा खरा नकाशा' या चित्रात त्याने पीटर्सच्या पद्धतीचा, म्हणजे भूभागांची क्षेत्रफळे खऱ्या प्रमाणात दाखवणारा, नकाशा दक्षिण दिशा वर ठेवून रंगवला. शाळेतल्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलँड आणि आफ्रिका सारख्याच आकाराचे दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे, आणि ही गोष्ट चित्र पाहताक्षणी मनात उतरते. पाटीवाल्याचे कसब इथेही शाबूत आहे. फक्त पाटी आता संग्रहालयाच्या आत लागलेली आहे.

अपवाद म्हणून एका चित्राचा उल्लेख करायला हवा, कारण ते पॅरिसकडे तोंड करून काढलेले वाटत नाही. १९९६-९७ मध्ये मोबुटूंची सत्ता उलथवणारे बंडखोर नेते लोरँ कबिला यांच्या फौजेतून हजारो लहान मुले बंदुका घेऊन किन्शासात चालत आली. त्यांना स्वाहिलीत 'कादोगो' म्हणजे चिमुरडा म्हणत. सांबाने असा एक चिमुरडा रंगवला आणि चित्राच्या नावातच त्याच्या तोंडी वाक्य घातले : 'मी शांततेच्या बाजूचा आहे, म्हणून तर मला शस्त्रे आवडतात.' मोठ्यांनी शिकवलेले वाक्य मुलाने पाठ म्हणावे तसे ते आहे. इथे मजकूर लांबलेला नसता तरी चालले असते, एवढे ते नाव पुरेसे आहे.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र 'मला रंग आवडतो', २००३ चे. निळ्या आकाशासमोर सांबाचे स्वतःचे डोके, मोसंबीची साल एका सलग पट्टीत सोलून टांगावी तसे गोल गोल उलगडलेले; पट्ट्यांच्या फटींतून मागचे आकाश दिसते; दातांत धरलेला कुंचला आणि त्यावर ओला रंग. चेहऱ्यावर वेदना अजिबात नाही, उलट किंचित मिस्कीलपणा आहे. चोहीकडे रंगच आहे हे समजायचे तर डोके असे फिरायलाच हवे, असे त्याचे म्हणणे. हे चित्र पोस्टर म्हणून अप्रतिम आहे : दुरून ओळखू येते, एकदा पाहिले की विसरत नाही, लहान आकारात छापले तरी तग धरते. माझ्या मते ते पाहण्याचे सुखही तिथेच संपते. डासांच्या चित्राकडे परत परत जावेसे वाटते, या चित्राकडे नाही. स्वतःचा चेहरा तो सतत का वापरतो, याचा मी लावलेला अर्थ असा की, रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने शेजाऱ्याचा चेहरा व्यभिचारी किंवा लाचखाऊ म्हणून रंगवला तर दुसऱ्या दिवशी दुकानासमोर भांडण ठरलेले. स्वतःचा चेहरा बिनभाड्याचा आणि बिनतक्रारीचा. पॅरिसमध्ये ती सोय सवय झाली, आणि सवयीचा पुढे शिक्का झाला.

आफ्रिकेच्या शहरांतल्या, हाताने रंगवलेल्या पाट्यांवर आता शिकून-सवरून आलेल्या डिझायनरांची पिढी काम करते आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कराबो पॉपी मोलेत्साने हिने रस्त्याकडेच्या केशकर्तनालयांच्या पाट्यांवरून आपली शैली घडवली आणि ती नायकेच्या बुटांपर्यंत नेली. तिचे काम मला मनापासून आवडते, रेषा स्वच्छ आहे आणि काळ्या-पांढऱ्यावर तिची विशेष हुकमत आहे. पण ती पाटीकडे जाणकाराच्या प्रेमाने पाहते, जपण्यासारखी गोष्ट म्हणून. सांबाला पाटीविषयी असे प्रेम असल्याचे दिसत नाही. तो ती वापरतो, सुतार करवत वापरतो त्या बेफिकिरीने.

या बेफिकिरीचा एक परिणाम कलाबाजाराला आजही पचलेला नाही. सांबा आपल्या गाजलेल्या चित्रांच्या पुन्हा आवृत्त्या रंगवतो. रंग थोडा बदलतो, एखादा तपशील हलवतो, नवे साल घालतो आणि सही करतो. 'मला रंग आवडतो' एकच नाही, २००३ नंतरही त्याने ते पुन्हा रंगवले आहे. एकमेवपणावर किंमत ठरवणाऱ्या संग्राहकांना हे अडचणीचे जाते, आणि कोणती प्रत अस्सल यावर कॅटलॉगांमधून खल चालतो. पाट्यांच्या दुकानात असा खल कोणी केला नसता : एका न्हाव्याची पाटी पाहून दुसऱ्याने तशीच मागितली तर ती रंगवून द्यायची, आणि दुसऱ्या वेळी हात अधिक सरावलेला असल्यामुळे ती बहुधा पहिलीपेक्षा बरी होते. मी तरी त्याच्या एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी छापलेल्या दिसल्या की मूळ कोणती हे शोधण्याच्या भानगडीत पडत नाही. मजकुराची अक्षरे कोणत्या प्रतीत अधिक नीट बसली आहेत, तेवढे पाहतो.